संस्थेतील निवास संपताना
कर्णबधिर व स्वमग्न व्यक्तींच्या पुढील व्यवस्थेचा प्रश्न

विशेष निवासी शाळेत, बालगृहात अथवा प्रौढांच्या निवासगृहात एखाद्या दिव्यांग व्यक्तीस दाखल करून घ्यावयाचे झाल्यास त्याची एक ठरावीक रीत आहे. वैद्यकीय तपासणी होते, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र पाहिले जाते, बालक निराधार असल्यास बाल कल्याण समितीचा आदेश निघतो आणि मग नोंदवहीत नाव चढते. हाच निवास संपविण्याची वेळ येते तेव्हा मात्र एवढे सोपस्कार होतातच असे नाही. वयोमर्यादा उलटली, अभ्यासक्रम पुरा झाला, संस्थेची मान्यता गेली किंवा संस्थाचालकांनी असमर्थता कळविली, की एक पत्र निघते, नातेवाइकांना बोलावणे जाते आणि एका दिवसात पेटी-बिछान्यासह त्या व्यक्तीचे ठिकाण बदलते. जिच्यासंबंधी हे सर्व घडते तिला त्याची पूर्वकल्पना दिली होती काय, आणि दिली असल्यास ती तिला उमजेल अशा रीतीने दिली होती काय, हे कागदपत्रांवरून बहुधा कळत नाही.

कर्णबधिर आणि स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. दोघांची अडचण एक नव्हे. कर्णबधिर व्यक्तीजवळ भाषा असते किंवा असू शकते. ती हातांची, चेहऱ्याची आणि नजरेची भाषा असते, आणि भोवतालच्या माणसांना ती येत नसते. ‘मूकबधिर’ हा आपल्याकडे दीर्घकाळ रूढ असलेला शब्द याच कारणाने मागे पडत आहे; खुणांनी अस्खलित संवाद साधणाऱ्यास मूक म्हणणे यथार्थ नाही. स्वमग्न व्यक्तीस पुष्कळदा ऐकू येते, काहींना उत्तम बोलताही येते. परंतु गर्दी, गोंगाट, अनोळखी स्पर्श व अकस्मात बदल यांचा तिच्यावर पडणारा ताण इतरांच्या ध्यानात येत नाही. ‘स्वमग्न’ या शब्दाने ती आपल्याच विचारात हौसेने बुडालेली असावी असा समज होतो, तोही खरा नव्हे. दोहोंच्या बाबतीत परिणाम मात्र सारखाच होतो. निर्णय इतरांनी घ्यावयाचा आणि तो अमलात आल्यावर त्या व्यक्तीला कळावयाचा, असा शिरस्ता पडून जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या व त्यांपैकी सुमारे ४ लाख ७३ हजारांची नोंद श्रवणदोषाखाली झाली होती. स्वमग्नतेसाठी त्या जनगणनेत स्वतंत्र रकानाच नव्हता. १९९५ च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्यातील सात प्रकारांतही तिचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा नामनिर्देश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार ठरविताना तिला त्यांत स्थान दिले. यास्तव आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती जुन्या दप्तरात केवळ ‘मतिमंद’ म्हणून नोंदलेल्या आढळल्यास नवल नाही. अशा व्यक्तीची अन्यत्र व्यवस्था करण्यापूर्वी तिची तपासणी नव्याने करून घेणे अगत्याचे ठरते.

‘सांभाळता येत नाही’ या शेऱ्याचा अर्थ

निवास संपण्याच्या कारणांपैकी वय आणि शिक्षण ही कारणे आधीपासून ठाऊक असतात. तारखेसह ठाऊक असतात, असे म्हटले तरी चालेल. जे कारण अकस्मात पुढे येते ते म्हणजे वर्तन. ‘आक्रमक झाला आहे’, ‘वस्तू फोडते’, ‘रात्री झोपत नाही’, ‘संस्थेत सांभाळणे शक्य नाही’ अशा शेऱ्यांनिशी व्यक्तीला परत पाठविण्याचा प्रस्ताव येतो. कमी कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या संस्थेची अडचण खोटी नसते. तथापि हा शेरा म्हणजे निदान नव्हे, हे प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याने लक्षात ठेवावयास हवे.

ज्याला दाढ दुखते हे सांगता येत नाही तो गालावर मारून घेतो. कान वाहत असला तर भिंतीवर डोके आपटतो. बद्धकोष्ठ, पित्त, मासिक पाळीच्या वेदना, फिट येण्यापूर्वीची अस्वस्थता यांपैकी कशाचाही उच्चार न होता त्यांचे रूपांतर आरडाओरडीत होऊ शकते. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत याच्या जोडीला परिसराची कारणे येतात. भोजनगृहातील भांड्यांचा आवाज, खोलीत नव्याने बसविलेला कर्कश पंखा, नेहमीच्या काळजीवाहकाची बदली, जेवणाची वेळ अर्ध्या तासाने पुढे जाणे ही कारणे इतरांना क्षुल्लक वाटतात. तिच्या दृष्टीने दिवसाचा सगळा आधारच त्यामुळे निखळतो. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत एकाएकी बिघडलेले वर्तन दिवाळीनंतरच्या पत्रात ‘स्वभावदोष’ म्हणून नमूद झाले, तर चूक कोठे झाली हे उघड आहे.

कर्णबधिर व्यक्तीच्या संतापाचे कारण पुष्कळदा याहूनही साधे असते. संस्थेत तिच्या भाषेत बोलणारा एकही माणूस नसतो. महिनोन्‌महिने ‘ये’, ‘जेव’, ‘झोप’ एवढ्या तीन खुणांपलीकडे कोणी तिच्याशी बोललेले नसते. आणि श्रवणदोष व स्वमग्नता एकाच व्यक्तीत असल्यास पेच वाढतो. नावाने हाक मारूनही मूल वळून पाहत नाही, हे स्वमग्नतेचे एक लक्षण. परंतु मूल बधिर आहे म्हणून त्या लक्षणाकडे दुर्लक्ष होते. उलट स्वमग्न मुलाचे न वळणे स्वभावाचे समजून त्याचे कान तपासावयाचे राहून जातात. अमेरिकेतील आरन शील्ड व रिचर्ड मायर या अभ्यासकांनी २०१२ मध्ये एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. जन्मापासून घरात सांकेतिक भाषाच शिकलेली काही बधिर स्वमग्न मुले खुणा करताना तळहाताची दिशा उलटी ठेवीत होती. समोरच्याचा हात आपल्याला जसा दिसतो तसाच ती आपला हात धरीत. हे ज्याला ठाऊक नाही तो दुभाषीसुद्धा अशा मुलाच्या खुणा अर्थहीन ठरवील.

सबब वर्तनाच्या कारणावरून निवास संपविण्याचा प्रस्ताव आल्यास त्याच्या सोबत दंतवैद्याचा व कान-नाक-घसा तज्ज्ञाचा अलीकडचा अहवाल आहे काय, मागील सहा महिन्यांत संस्थेच्या दिनक्रमात व कर्मचाऱ्यांत काय बदल झाले, आणि त्या व्यक्तीच्या भाषेत तिच्याशी कोण बोलले, ही माहिती मागविणे इष्ट होईल. या तीन प्रश्नांची उत्तरे आल्यावर काही प्रस्ताव आपोआप मागे पडतील, अशी अपेक्षा बाळगण्यास जागा आहे.

अशा व्यक्तीस मनोरुग्णालयात पाठवावे ही सूचनाही अधूनमधून पुढे येते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये मानसिक आजारावरील उपचारांसाठी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले आहे, आणि कुटुंब नाही किंवा निवारा नाही एवढ्याच कारणाने कोणासही अशा रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असेही त्याच अधिनियमाच्या कलम १९ मध्ये म्हटले आहे. स्वमग्नता हा उपचाराने बरा होणारा मनोविकार नव्हे. निवाऱ्याची अडचण रुग्णालयाच्या दारी नेऊन सुटत नाही.

कायद्यातील तरतुदी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली होती. त्या कराराला अनुसरून हा अधिनियम झाला. त्याच्या कलम ५ अन्वये दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच एका प्रकारच्या निवासव्यवस्थेत राहणे तिला भाग पडू नये यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. कलम ९ बालकांसंबंधी आहे. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून मुलास आईवडिलांपासून दूर करता येत नाही. न्यायालयाला मुलाच्या हिताच्या दृष्टीने आवश्यक वाटले तरच तसे करता येते. आईवडील सांभाळण्यास असमर्थ असल्यास प्रथम जवळचे नातेवाईक, नंतर समाजातील एखादे कुटुंब आणि अपवाद म्हणूनच निवारागृह, असा क्रम त्यात घालून दिला आहे.

संस्थांची नोंदणी व ती रद्द करण्याचे अधिकार यांविषयीच्या तरतुदी पुढे येतात. नोंदणी रद्द झाल्यास संस्थेतील व्यक्तींचे काय करावयाचे याचे उत्तर कलम ५२ देते. सक्षम प्राधिकाऱ्याने त्यांस आईवडील, पती अथवा पत्नी किंवा कायदेशीर पालक यांच्या ताब्यात परत द्यावे, नाहीतर दुसऱ्या निर्दिष्ट संस्थेत हलवावे. या कलमात त्या व्यक्तीची इच्छा विचारण्याचा उल्लेख नाही. एवढेच कलम वाचून आदेश काढला तर तो आदेश माणसांविषयी असूनही सामानाच्या पावतीसारखा वाचला जातो. परंतु कायदा तुकड्यांनी वाचावयाचा नसतो. कलम १३ अन्वये दिव्यांग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. आपल्याला साहाय्य करणारी व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा अधिकारही त्याच कलमाने तिला दिला आहे. कलम ५२ च्या आदेशापूर्वी कलम ५ व १३ यांचे स्मरण ठेवले तर प्रौढ व्यक्तीला विचारल्यावाचून तिची बदली करणे किती विसंगत आहे, हे सहज लक्षात येते.

न्यायालयांचा कलही याच बाजूस आहे. चंदीगड येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या, सौम्य मतिमंदत्व असलेल्या एका निराधार तरुणीच्या मातृत्वाचा प्रश्न २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ती शासनाच्या आश्रयास आहे म्हणून तिच्या इच्छेला बाजूस सारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. २०२५ मध्ये याच न्यायालयाने देशातील अशा निवासी संस्थांची पाहणी राष्ट्रीय विधी विद्यापीठांवर सोपविली.

अठरावे वर्ष

बालगृहातील निराधार मुलाच्या आयुष्यात अठरावा वाढदिवस हा आनंदाचा असेलच असे नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये बालक ही संज्ञा १८ वर्षांपर्यंतच लागू होते. त्यानंतर २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडलेल्या युवकास आधार देण्याची तरतूद आहे. अपवादात्मक परिस्थितीत ती मुदत आणखी दोन वर्षे वाढू शकते. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४ हजार रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले आहे. संस्था सोडण्यापूर्वी दोन महिने त्या मुलाची पुढील योजना तयार करून समितीपुढे ठेवावी, असे २०१६ च्या आदर्श नियमांत नमूद आहे.

सर्वसाधारण मुलाच्या दृष्टीने ही तरतूद उपयुक्त आहे. नोकरी, शिक्षण अथवा धंदा यांच्या आधाराने तो तेविशीपर्यंत स्वतःच्या पायांवर उभा राहील, असे तीत गृहीत धरले आहे. आयुष्यभर मोठ्या आधाराची गरज असलेल्या स्वमग्न तरुणास हे गृहीतक लागू पडत नाही. तेविसाव्या वर्षीही त्याची गरज अठराव्या वर्षी होती तीच राहणार असते. दोन महिन्यांचा अवधीही त्याच्या बाबतीत अपुरा आहे. ज्याला जेवणाची पाळी बदलल्याचे पचनी पडावयास पंधरवडा लागतो त्याला गाव, घर, माणसे आणि अंथरूण एकदम बदलल्याचे पचनी पडण्यास वर्ष लागले तरी ते अधिक म्हणता येणार नाही. म्हणून अशा मुलाची योजना सोळाव्या वर्षीच हाती घेणे श्रेयस्कर.

कर्णबधिर तरुणाची गोष्ट वेगळी. त्याला बहुधा आजन्म संस्थेची आवश्यकता नसते. त्याला हवे असतात ते कसब, दुभाषी आणि त्याची भाषा जाणणाऱ्या माणसांचा शेजार. निवासी शाळेत दहा वर्षे खुणांच्या भाषेत वाढलेला मुलगा, आई-बाप व भावंडे यांपैकी कोणालाच ती भाषा येत नसलेल्या घरी परततो, तेव्हा घरी आल्याचा आनंद आणि एकटे पडल्याचे दुःख त्याच्या वाट्याला एकाच दिवशी येते. शाळा सुटण्याच्या आधीच्या दोन सुट्यांत कुटुंबीयांचे खुणांच्या भाषेचे लहानसे वर्ग घेणे शाळेला अवघड नाही. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे स्थापन झाले असून त्याने तयार केलेल्या कोशात १० हजार शब्दांच्या खुणा आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्य करणाऱ्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे मार्गदर्शनही या कामी घेता येते.

खात्यांची विभागणी हाही एक अडसर आहे. बालगृहे महिला व बाल विकास विभागाकडे, तर विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग स्थापन केला. तथापि अठरा वर्षे पुरी झालेला तरुण एका विभागाच्या नोंदवहीतून निघून दुसऱ्या विभागाच्या नोंदवहीत आपोआप चढत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढावयास हव्या असतात, आणि निराधार मुलाच्या बाबतीत हा ‘कोणीतरी’ जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनाच व्हावे लागते.

वज्झरचा प्रयोग

या प्रश्नाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले ते अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याजवळच्या वज्झर या गावाने. तेथील अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने चालणाऱ्या बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानके, बसस्थानके, उकिरडे येथे सापडलेल्या शंभराहून अधिक बेवारस मुलांना वाढविले. त्यांत मतिमंद, कर्णबधिर व बहुविकलांग मुले मोठ्या संख्येने होती. शंकरबाबांनी मुलांना पित्याचे नाव म्हणून आपले नाव दिले. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जावयाचे कोठे, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे शासनापुढे व समाजापुढे मांडला. बेवारस दिव्यांगांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा व्हावा ही त्यांची मागणी राहिली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला.

डिसेंबर २०२० मध्ये या बालगृहात वाढलेल्या एका कर्णबधिर जोडप्याचा विवाह नागपूर येथे झाला. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री वधूच्या बाजूने आणि नागपूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी वराच्या बाजूने वडीलकीच्या नात्याने उभे राहिले. समारंभाची वार्ता तेव्हा सर्वत्र गाजली. तिच्यातील अधिक महत्त्वाची बाब ही, की या दोघांनी संस्थेबाहेर जे पाऊल टाकले ते संसार मांडण्यासाठी टाकले. वयोमर्यादेच्या पत्राने ते बाहेर पडले नाहीत.

आजीवन निवासाची मागणी आणि समाजात राहण्याचा कलम ५ चा हक्क या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. मोठ्या संस्थेत सबंध आयुष्य काढणे हे कोणाचेच ध्येय असू नये, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु पर्यायी घर उभे नसताना संस्थेचे दार बंद करणे म्हणजे तो हक्क देणे नव्हे. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना स्वमग्न, मतिमंद, मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त व बहुविकलांग प्रौढांच्या सामूहिक घरांसाठीच आहे. लहान घर, थोडी माणसे, सोबतीस काळजीवाहक, दिवसा काम आणि शेजारीपाजारी, अशी तिची कल्पना असून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात अशी घरे जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावयास हवीत.

विचारावयाचे कसे

‘गीता’ या नावाने देशाला परिचित झालेल्या कर्णबधिर तरुणीची हकिकत येथे उद्बोधक ठरेल. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोहोचलेली ही मुलगी कराचीच्या एधी फाउंडेशनच्या आश्रयास वाढली व २६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारतात परतली. बिहारमधील एका कुटुंबाने तिच्यावर हक्क सांगितला. परंतु तिने त्यांना ओळखले नाही व डीएनए चाचणीही जुळली नाही. पुढे काही वर्षे ती इंदूर येथे संस्थेत राहिली. सांकेतिक भाषेचे जाणकार तिच्याशी बोलत राहिले. रेल्वे स्थानक, नदी, शेते अशा तिने खुणांनी सांगितलेल्या आठवणींवरून शोध मराठवाड्याकडे वळला, तिला परभणीस आणण्यात आले आणि २०२१ मध्ये त्याच जिल्ह्यातील तिच्या आईची भेट झाली. ताबा घाईने देऊन प्रकरण मिटविले असते तर ती भलत्याच घरी गेली असती. कागदोपत्री तोही ‘कुटुंबात पुनर्वसन’ या सदरातच मोडला असता.

विचारणे म्हणजे समोर बसवून ‘जातोस का?’ म्हणून मान हलविण्याची वाट पाहणे नव्हे. कर्णबधिर व्यक्तीसाठी दुभाषी संस्थेबाहेरचा असावा, कारण संस्थेचाच शिक्षक दुभाषी असल्यास तक्रार सांगणे कठीण जाते. ज्याला प्रमाण सांकेतिक भाषा येत नाही, घरगुती खुणाच येतात, त्याच्याबरोबर त्याच्या सवयीचा एखादा कर्णबधिर मित्रही बसवावा. स्वमग्न व्यक्तीस शब्दांपेक्षा पाहिलेले अधिक कळते. नव्या जागेची, तेथल्या खोलीची, न्हाणीघराची आणि तेथे भेटणाऱ्या माणसांची छायाचित्रे तिला दाखवावीत. मग ती जागा प्रत्यक्ष दाखवावी, प्रथम तासभर, नंतर दिवसभर, मग एक रात्र. त्या रात्री ती झोपली काय, जेवली काय, परत येताना गाडीत बसण्यास तयार होती की नाही, ही सर्व तिची उत्तरेच आहेत आणि ती लिहून ठेवण्याजोगी आहेत.

स्थलांतर ठरलेच तर दिवस मोजण्याची सोय करावी. दिनदर्शिकेवर रोज एक खूण केली म्हणजे येणारा बदल डोळ्यांना दिसतो. जुने ताट, जुनी चादर, रोज हातात घेण्याची वस्तू सोबत जाऊ द्यावी. नव्या पांघरुणाचा उत्साह यजमान संस्थेने थोडे दिवस आवरलेला बरा. एका कागदावर त्या व्यक्तीची माहिती लिहून द्यावी. काय खाते, कशाने भिते, पोट दुखले तर काय करते, पाणी मागण्याची खूण कोणती, कोणत्या औषधांच्या वेळा कोणत्या, एवढे त्यात असावे. वैद्यकीय अहवालांच्या जाड फायलीतून जे कळत नाही ते या एका पानातून कळते. आणि शक्य असल्यास जुना काळजीवाहक पहिले दोन-तीन दिवस सोबत राहावा. त्याच्या प्रवासभत्त्याचा खर्च पुढच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे.

पालकत्व आणि गावची जबाबदारी

स्वमग्न व्यक्ती १८ वर्षांची झाली की आईवडीलही आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये आवश्यक तेथे पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक स्तर समितीस आहे. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिची रचना असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी सादर करावयाची असते व दरवर्षी हिशेब द्यावयाचा असतो. केवळ कर्णबधिर असणे हे मात्र या अधिनियमाखाली पालक नेमण्याचे कारण नाही. प्रौढ कर्णबधिर माणसाच्या अर्जावर त्याच्या भावाची सही मागणाऱ्या कार्यालयाने हे ध्यानी घेतलेले बरे.

व्यक्ती गावी परतत असेल तर तिच्या येण्याची सूचना ग्रामपंचायतीला अगोदर मिळावयास हवी. आधी कळले तर वैश्विक ओळखपत्र, बँकेचे खाते, शिधापत्रिकेत नाव, मतदारयादीत नाव आणि १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज ही कामे ती येण्यापूर्वीच मार्गी लागू शकतात. नंतर कळले तर या कामांत वर्ष जाते, आणि त्या वर्षात घरच्यांचा धीर सुटतो. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. ती कुबड्या आणि पिठाच्या गिरण्या यांवरच संपावी असे बंधन नाही. दुभाषीचे मानधन, आईला आठवड्यातून एक दिवस उसंत मिळावी म्हणून सोबतीस येणाऱ्या मदतनिसाचा मोबदला अशा गरजा पंचायतीने वरिष्ठ कार्यालयापुढे मांडाव्यात. ज्यांची गरज मोठी आहे त्यांना अधिनियमाच्या कलम ३८ खाली उच्च आधारासाठी अर्ज करता येतो. त्यांच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते.

गावातील शाळेच्या शिक्षकांना यात एक विशेष स्थान आहे. घरात कोंडून ठेवणे, उपास घडविणे, अनुदानाची रक्कम दुसऱ्यानेच उचलणे हे प्रकार प्रथम शेजाऱ्यांना आणि मग शिक्षकांना दिसतात. स्थलांतरानंतर पहिल्या महिन्यात, तिसऱ्या महिन्यात व वर्षअखेर घरी जाऊन त्या व्यक्तीला एकट्याने भेटण्याची जबाबदारी कोणावर आहे, त्याचे नाव निवास संपविण्याच्या आदेशातच लिहिलेले असावे. न्यासाच्या कक्षेतील व्यक्तीचा पालक तिची हेळसांड अथवा छळ करीत असल्यास किंवा तिची मालमत्ता गिळंकृत करीत असल्यास आईवडील, नातेवाईक अथवा नोंदणीकृत संस्था स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकते. चौकशीअंती समितीला त्या पालकास दूर करून दुसरा पालक नेमता येतो.